गिटमध्ये मोठ्या फाइल टाकताना: आधी ट्रॅक, मग ॲड

मोठी फाइल रेपोत (गिट ज्या फोल्डरच्या आवृत्त्या जपतं त्यात) टाकताना घोळ होतो तो बहुतेक वेळा एकाच कारणाने. फाइल नेहमीसारखी कमिट होते (आवृत्ती म्हणून नोंदली जाते) आणि गिट एलएफएसची (लार्ज फाइल स्टोरेज, मोठ्या फाइलसाठीची गिटची जोड) आठवण येते ती सर्व्हरने पुश, म्हणजे पाठवलेले कमिट, नाकारल्यावर. मग माणूस फाइल डिलीट करतो, नवा कमिट करतो, पुन्हा पुश करतो आणि तोच एरर पुन्हा बघतो. कारण फाइल आता फोल्डरमध्ये नसली तरी आधीच्या कमिटमध्ये आहे आणि पुश करताना सगळे कमिट जातात.

गिट २००५ साली लिनक्स कर्नेलच्या सोर्स कोडसाठी लिहिलं गेलं. मजकुराच्या फाइल ते फार काटकसरीने साठवतं, कारण दोन आवृत्त्यांत फरक दोन-चार ओळींचाच असतो. व्हिडिओ, झिप, फोटोशॉपच्या फाइल यांत ही काटकसर चालत नाही. २०० एमबीची झिप दहा वेळा बदलून कमिट केली, तर रेपो साधारण २ जीबीचा होतो, आणि क्लोन करणाऱ्या (रेपोची प्रत आपल्या मशीनवर घेणाऱ्या) प्रत्येकाला ते सगळं उतरवावं लागतं. यावर तोडगा म्हणून २०१५ साली गिट एलएफएस आलं. रेपोत फक्त एक चिठ्ठी (पॉइंटर) राहते आणि खरी फाइल सर्व्हरवर वेगळ्या कोठारात जाते.

एक खुलासा आधीच: खालच्या कमांड उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिल्या आहेत. टर्मिनलमध्ये त्या रोमन लिपीत, लहान अक्षरांत टाइप करायच्या. जिथे मोठी अक्षरं लागतात तिथे तसं सांगितलं आहे.

काय काय लागेल

- गिट आणि गिट एलएफएस, दोन्ही. एलएफएस हा वेगळा प्रोग्रॅम आहे.
- एलएफएस चालणारा सर्व्हर. गिटहब, गिटलॅब, बिटबकेट या तिन्हींवर चालतं. स्वतःचा सर्व्हर असेल तर तिथे ते चालू केलं आहे का, हे ॲडमिनला विचारा.
- रेपोवर पुश करण्याची परवानगी.
- डिस्कवर फाइलच्या दुप्पट जागा. एक प्रत कामाच्या फोल्डरमध्ये राहते, दुसरी .गिट फोल्डरच्या आत. ७०० एमबीच्या फाइलला १.४ जीबी मोकळी ठेवा.

## १. ही फाइल रेपोत हवी का, ते ठरवा

कोड बिल्ड केल्यावर आपोआप तयार होणाऱ्या फाइल, डाउनलोड केलेली पॅकेजेस, लॉग, डेटाबेसचे डंप: यांची जागा रेपोत नाही, एलएफएसमध्येही नाही. त्यांची नावं .गिटइग्नोरमध्ये (गिटने वगळायच्या फाइलच्या यादीत) टाका आणि मोकळे व्हा. तयार इन्स्टॉलर लोकांना वाटायचा असेल, तर गिटहबच्या रिलीजला तो जोडता येतो. तिथे एका फाइलची मर्यादा २ जीबीपेक्षा कमी अशी आहे आणि रेपोचं वजन वाढत नाही.

कोडबरोबर बदलणारी आणि जुन्या कमिटवर गेल्यावर जुनीच आवृत्ती लागणारी फाइल मात्र रेपोत हवी: गेमचे टेक्स्चर, डिझाइनच्या मूळ फाइल, प्रशिक्षित मॉडेल, चाचणीसाठी लागणारे व्हिडिओ.

गिटहबवर ५० एमबीच्या पुढच्या फाइलला इशारा मिळतो आणि १०० एमबीच्या पुढची फाइल अडवली जाते. ब्राउझरमधून टाकायची तर मर्यादा २५ एमबी आहे. पण ९० एमबीची फाइल आत जाते म्हणून ती तशीच टाकू नका. ती दर आठवड्याला बदलणार असेल तर एलएफएसमध्येच हवी. उलट, कधीच न बदलणारा ३ एमबीचा लोगो साध्या गिटमध्ये खुशाल राहू दे.

## २. एलएफएस बसवा

उबुंटू किंवा डेबियनवर:

सुडो एपीटी इन्स्टॉल गिट-एलएफएस

मॅकवर होमब्रूने:

ब्रू इन्स्टॉल गिट-एलएफएस

विंडोजवर 'गिट फॉर विंडोज' घेतलं असेल तर एलएफएस त्याच्याबरोबरच येतं. नंतर सगळीकडे ही एक कमांड:

गिट एलएफएस इन्स्टॉल

नावावरून वाटतं की हिने प्रोग्रॅम बसतो, पण तो वर आधीच बसला आहे. ही कमांड तुमच्या गिटच्या सेटिंगमध्ये एलएफएसचे फिल्टर नोंदवते. ॲड करताना 'क्लीन' हा फिल्टर खरी फाइल बाजूला काढून चिठ्ठी रेपोत ठेवतो. चेकआउट करताना (रेपोतली आवृत्ती फोल्डरमध्ये आणताना) 'स्मज' चिठ्ठी वाचून खरी फाइल परत आणतो. कमांड रेपोच्या आत चालवली तर तिथे प्री-पुश हुकही (पुशच्या आधी आपोआप चालणारी स्क्रिप्ट) बसतो आणि फाइल सर्व्हरवर चढवण्याचं काम तोच करतो.

हे प्रत्येक मशीनवर, प्रत्येक युजरसाठी एकदा करावं लागतं, आणि टीममध्ये सगळ्यात जास्त फसगत इथेच होते. एखाद्याच्या मशीनवर एलएफएस नसेल तर गिट तक्रार करत नाही. ते मुकाट्याने अख्खी फाइल रेपोत कोंबतं. नवीन माणूस कामाला लागला की कोड लिहिण्याआधी ही कमांड चालवून घ्या.

## ३. कोणत्या फाइल एलएफएसकडे, ते सांगा

रेपोच्या मुख्य फोल्डरमध्ये जाऊन:

गिट एलएफएस ट्रॅक "*.एमपी४"
गिट एलएफएस ट्रॅक "*.पीएसडी"

अवतरण चिन्हं विसरू नका. ती नसतील तर शेल चांदणीचा अर्थ स्वतःच लावतं आणि आत्ता फोल्डरमध्ये असलेल्या दोन फाइलची नावं तेवढी नोंदली जातात. उद्या आलेली तिसरी फाइल साध्या गिटमध्ये जाते आणि ते कुणाच्या लक्षातही येत नाही.

अक्षरांच्या आकारानेही असाच फटका बसतो. बऱ्याच कॅमेऱ्यांतून येणाऱ्या फाइलचं एक्स्टेंशन मोठ्या अक्षरांत असतं, आणि लहान अक्षरांचा पॅटर्न लिनक्सवर त्यांना लागू होत नाही. दोन्ही पॅटर्न ट्रॅक करून टाका. एखादं अख्खं फोल्डर द्यायचं असेल तर त्याच्या नावापुढे तिरपी रेघ आणि दोन चांदण्या:

गिट एलएफएस ट्रॅक "ॲसेट्स/**"

पण त्या फोल्डरमध्ये छोट्या जेसन किंवा सीएसएस फाइल असतील तर त्याही चिठ्ठ्या होतील आणि त्यांचा डिफ (दोन आवृत्त्यांतला फरक) दिसणं बंद होईल. म्हणून एक्स्टेंशनवारी ट्रॅक करणं बरं.

ट्रॅकने प्रत्यक्षात एवढंच होतं, की .गिटॲट्रिब्यूट्स नावाच्या फाइलमध्ये एक ओळ वाढते:

*.एमपी४ फिल्टर=एलएफएस डिफ=एलएफएस मर्ज=एलएफएस -टेक्स्ट

ही फाइल लगेच ॲड करा:

गिट ॲड .गिटॲट्रिब्यूट्स

ती कमिटमध्ये गेली नाही तर तुमच्या मशीनवर सगळं सुरळीत दिसतं, पण बाकीच्यांकडे नियमच पोहोचत नाही.

## ४. फाइल ॲड करा, पण कमिटआधी तपासा

गिट ॲड डेमो.एमपी४
गिट एलएफएस स्टेटस

दुसऱ्या कमांडच्या उत्तरात फाइलच्या नावापुढे कंसात 'एलएफएस' आणि हॅशची (फाइलच्या मजकुरावरून काढलेल्या ओळखखुणेची) सुरुवातीची अक्षरं दिसायला हवीत. तिथे 'गिट' दिसलं तर थांबा, फिल्टर लागलेला नाही. पॅटर्न चुकला असेल किंवा दुसरी पायरी राहिली असेल.

आणखी खात्री हवी असेल तर रेपोत नेमके किती बाइट गेले तेच विचारा. फाइलच्या नावाआधी कोलन आहे, तो गाळू नका. कोलन म्हणजे 'स्टेज केलेली प्रत', ॲड करून कमिटसाठी तयार ठेवलेली:

गिट कॅट-फाइल -एस :डेमो.एमपी४

७०० एमबीच्या फाइलला इथे उत्तर येतं १३४. चिठ्ठी एवढीच असते, तीन ओळींची. पहिल्या ओळीत एलएफएसच्या नमुन्याची आवृत्ती, दुसरीत 'ओआयडी एसएचए२५६' आणि त्यापुढे ६४ अक्षरांचा हॅश, तिसरीत 'साइज ७३४००३२००', म्हणजे खऱ्या फाइलचे बाइट. उत्तर नऊ आकडी आलं तर अख्खी फाइल स्टेज झाली आहे. ती आत्ताच परत काढा:

गिट आरएम --कॅश्ड डेमो.एमपी४

'कॅश्ड' लिहिलं की डिस्कवरची फाइल जागेवर राहते, फक्त गिटच्या यादीतून निघते. पॅटर्न दुरुस्त करून पुन्हा ॲड करा. कमिट होण्याआधी हे काम मिनिटभराचं असतं.

फाइल रेपोत आधीपासून असेल आणि ट्रॅक आज केलं असेल, तर नुसत्या ट्रॅकने तिची चिठ्ठी होत नाही. फाइल बदललेली नसल्याने गिट तिच्याकडे बघतही नाही. त्यासाठी:

गिट ॲड --रीनॉर्मलाइझ .

शेवटचा टिंब कमांडचाच भाग आहे. याने आजपासूनची आवृत्ती एलएफएसमध्ये जाते. जुन्या कमिटमधलं वजन तसंच राहतं, ते सहाव्या पायरीत.

## ५. कमिट आणि पुश

गिट कमिट -एम "डेमो व्हिडिओ जोडला"
गिट पुश ओरिजिन मेन

आधी एलएफएसच्या फाइल चढतात, मग कमिट जातात. पडद्यावर ७०० एमबीऐवजी ७३४ एमबी दिसले तर गोंधळू नका. एलएफएस दशलक्ष बाइटचा एक एमबी धरतं, इतर ठिकाणी १०२४ गुणिले १०२४ धरतात. फाइल तीच आहे.

इथे काय काय अडतं:

पुश करताना 'नो-व्हेरिफाय' हा पर्याय देण्याची सवय असेल तर ती मोडा. त्याने प्री-पुश हुक टळतो. चिठ्ठ्या सर्व्हरवर जातात, फाइल जात नाहीत. प्रोजेक्टमध्ये हस्कीसारखं हुक सांभाळणारं दुसरं साधन असेल तरी हेच होऊ शकतं, कारण गिट मग एलएफएसच्या हुककडे जातच नाही. गिटहब असा पुश जीएच००८ या कोडाने परत पाठवतं. उपाय दोन्हीकडे सारखा:

गिट एलएफएस पुश --ऑल ओरिजिन

रिमोट (सर्व्हरवरचा रेपो) एसएसएचवर असला तरी एलएफएसच्या फाइल साधारणपणे एचटीटीपीएसने जातात. म्हणून साधा पुश व्यवस्थित जातो आणि एलएफएसचा मात्र प्रॉक्सीत अडकतो. पासवर्ड, किल्ल्या उलटसुलट करत बसण्याआधी प्रॉक्सीची सेटिंग बघा.

नेट धिमं असेल तर एका वेळी एकच फाइल चढू द्या:

गिट कॉन्फिग एलएफएस.कॉन्करंटट्रान्सफर्स १

मध्येच तुटलं तर तोच पुश पुन्हा चालवा. पूर्ण चढलेल्या फाइल दुसऱ्यांदा जात नाहीत.

'पोस्टबफर' ही गिटची सेटिंग वाढवा असा सल्ला जागोजागी मिळतो. १०० एमबीची मर्यादा सर्व्हरवर आहे. तुमच्या मशीनवरचा बफर कितीही फुगवलात तरी ती हलत नाही.

## ६. फाइल आधीच कमिट झाली असेल तर

जीएच००१ हा कोड आणि 'लार्ज फाइल्स डिटेक्टेड' हे शब्द दिसले, की तुम्ही या पायरीवर आहात. आधी बघा, फाइल कुठपर्यंत पोहोचली आहे.

फक्त शेवटच्या कमिटमध्ये आहे, पुश झालेली नाही. सगळ्यात सोपं प्रकरण:

गिट एलएफएस ट्रॅक "*.एमपी४"
गिट आरएम --कॅश्ड डेमो.एमपी४
गिट ॲड .गिटॲट्रिब्यूट्स डेमो.एमपी४
गिट कमिट --अमेंड --नो-एडिट

चार-पाच कमिट मागे आहे, पण पुश झालेली नाही. चालू काम आधी कमिट करा किंवा स्टॅशमध्ये (गिटमध्ये तात्पुरतं बाजूला) ठेवा, मग:

गिट एलएफएस मायग्रेट इम्पोर्ट --इन्क्लूड="*.एमपी४"

जास्त काही न सांगता चालवली तर ही कमांड चालू ब्रँचमधले, रिमोटवर न गेलेले कमिटच बदलते. .गिटॲट्रिब्यूट्सची ओळही तीच घालते. त्यानंतर साधा पुश चालतो.

पुश झालेली आहे. आता प्रश्न तुमच्या एकट्याचा राहत नाही. इतिहास नव्याने लिहिला की कमिटचे हॅश बदलतात आणि सहकाऱ्यांच्या प्रती जुन्या इतिहासावर राहतात. रेपो सर्व्हरवर मावतो आहे, क्लोनला फारसा वेळ लागत नाही, असं असेल तर इतिहासाला हात न लावता फक्त यापुढची आवृत्ती एलएफएसमध्ये नेणं शहाणपणाचं:

गिट एलएफएस मायग्रेट इम्पोर्ट --नो-रीराइट डेमो.एमपी४

यासाठी .गिटॲट्रिब्यूट्समध्ये नियम आधीच कमिट केलेला असावा लागतो. रेपो खरोखरच जड झाला असेल तरच पुढचं ऑपरेशन. सगळ्यांना पुश थांबवायला सांगा, गिट क्लोन --मिरर करून पूर्ण प्रत बाजूला ठेवा, मग वजन कशाचं आहे ते बघा:

गिट एलएफएस मायग्रेट इन्फो --एव्हरीथिंग --टॉप=१०

एक्स्टेंशनवारी यादी येते. दोषी व्हिडिओ आहेत असं वाटत असतं आणि यादीत सगळ्यात वर कुणीतरी कधीकाळी टाकलेली झिप निघते. मग:

गिट एलएफएस मायग्रेट इम्पोर्ट --एव्हरीथिंग --इन्क्लूड="*.एमपी४,*.झिप"
गिट पुश --फोर्स-विथ-लीज --ऑल
गिट पुश --फोर्स --टॅग्स

पुश झाल्यावर सगळ्यांनी जुना क्लोन बाजूला ठेवून नवा घ्यायचा. एकाने जरी जुन्या क्लोनमध्ये पुल करून मर्ज केलं आणि पुश केलं, तरी जुना जड इतिहास परत आत येतो आणि सगळी मेहनत वाया जाते. संरक्षित ब्रँचवर फोर्स पुश बंद असतो, तो तेवढ्यापुरता उघडावा लागेल.

फाइल एलएफएसमध्येही नको असेल, इतिहासातून कायमची घालवायची असेल, तर त्यासाठी गिट फिल्टर-रेपो हे वेगळं साधन आहे. आणि त्या फाइलमध्ये पासवर्ड किंवा की असेल, तर इतिहास धुण्याआधी ती की बदला. एकदा पुश झालेली गोष्ट कुणी उतरवून घेतली नाही, असं गृहीत धरता येत नाही.

## ७. दुसऱ्या मशीनवर क्लोन

एलएफएस बसवलेल्या मशीनवर साधा गिट क्लोन पुरतो. व्हिडिओ उघडला आणि प्लेअर म्हणाला 'फॉरमॅट ओळखता येत नाही', तर फाइलचा आकार बघा. साधारण १३० बाइट असेल तर तुमच्या हातात चिठ्ठी आहे. दुसरी पायरी करा आणि मग:

गिट एलएफएस पुल

गिट एलएफएस एलएस-फाइल्स या कमांडने यादी मिळते. हॅशनंतर चांदणी असेल तर खरी फाइल आहे, आडवी रेघ असेल तर नुसती चिठ्ठी.

सगळ्या मोठ्या फाइल नको असतील तर क्लोनच्या आधी मोठ्या अक्षरांत, अंडरस्कोरने जोडलेला हा व्हेरिएबल द्या (विंडोजवर गिट बॅशमध्ये):

जीआयटी_एलएफएस_स्किप_स्मज=१ गिट क्लोन <रेपोचा पत्ता>

आणि आत गेल्यावर हवं तेवढंच आणा:

गिट एलएफएस पुल --इन्क्लूड="ॲसेट्स/टेक्स्चर/**"

गिटहब ॲक्शन्समध्ये (गिटहबवर आपोआप बिल्ड करणाऱ्या सोयीत) चेकआउटच्या पायरीला 'एलएफएस: ट्रू' सांगावं लागतं, नाहीतर बिल्ड चिठ्ठ्यांवरच चालतं आणि एरर भलत्याच ठिकाणी येतो. गिटहब पेजेसवर एलएफएस चालत नाही. साइटची चित्रं साध्या गिटमध्येच ठेवा.

'शुड हॅव बीन पॉइंटर्स, बट वेअरन्ट' असा इशारा क्लोन करताना दिसला, तर एलएफएस नसलेल्या मशीनवरून कुणीतरी कमिट केलं आहे. चौथ्या पायरीतलं रीनॉर्मलाइझ करून कमिट केलं की इशारा जातो.

## ८. कोटा आणि जागा

एलएफएस फरक साठवत नाही, प्रत्येक आवृत्ती अख्खी साठवतं. ५०० एमबीच्या फाइलमध्ये एक बाइट बदलून पुश केलंत तर कोट्यातून १ जीबी गेला. गिटहबवर साठवण आणि डाउनलोड दोन्ही मोजले जातात, त्यामुळे दर पुशला नव्याने क्लोन करणारं सीआय (आपोआप बिल्ड आणि चाचण्या चालवणारी यंत्रणा) डाउनलोडचा कोटा लवकर संपवतं. फाइलची मर्यादा इथेही आहे: मोफत खात्यावर २ जीबी.

फाइल रेपोतून डिलीट केली तरी कोटा परत मिळत नाही, कारण जुन्या कमिटना ती लागते. तुमच्या डिस्कवरची जागा मात्र मोकळी करता येते:

गिट एलएफएस प्रून --ड्राय-रन --व्हेरिफाय-रिमोट

काय जाणार ते दिसलं की 'ड्राय-रन' काढून तीच कमांड पुन्हा चालवा. 'व्हेरिफाय-रिमोट' ठेवाच. सर्व्हरवर प्रत असल्याची खात्री करून मगच ते इथली पुसतं.

## ९. एकच फाइल दोघांनी बदलली तर

दोन पीएसडी मर्ज होत नाहीत. एकाचं काम राहतं, दुसऱ्याचं जातं. म्हणून अशा फाइलना कुलूप लावायची सोय आहे:

गिट एलएफएस ट्रॅक --लॉकेबल "*.पीएसडी"
गिट एलएफएस लॉक डिझाइन/मुखपृष्ठ.पीएसडी

लॉकेबल फाइल लॉक घेईपर्यंत रीड-ओन्ली राहते, त्यामुळे चुकून बदलणंही टळतं. काम पुश झालं की गिट एलएफएस अनलॉक. लॉक ठेवून कुणी सुट्टीवर गेलं, तर गिट एलएफएस लॉक्स या कमांडने नाव कळतं आणि पुरेसा अधिकार असलेल्याला 'फोर्स' देऊन ते उघडता येतं.

## १०. रेपो दुसऱ्या सर्व्हरवर हलवताना

गिट क्लोन --मिरर आणि गिट पुश --मिरर एवढ्याने कमिट आणि चिठ्ठ्या हलतात, कोठारातल्या फाइल जुन्याच ठिकाणी राहतात. मिरर क्लोनच्या फोल्डरमध्ये जाऊन, नवा रिमोट 'नवा' या नावाने जोडला आहे असं धरून, या क्रमाने:

गिट एलएफएस फेच --ऑल ओरिजिन
गिट एलएफएस पुश --ऑल नवा
गिट पुश --मिरर नवा

आधी एलएफएस आणि मग मिरर, कारण चिठ्ठी आधी पोहोचली आणि फाइल नसली तर काही सर्व्हर पुशच नाकारतात. झाल्यावर वेगळ्या फोल्डरमध्ये नव्या पत्त्यावरून क्लोन घ्या आणि गिट एलएफएस फेच --ऑल, पाठोपाठ गिट एलएफएस एफएससीके चालवा. एकही फाइल हरवलेली किंवा बिघडलेली निघाली नाही, तरच जुना रेपो डिलीट करा.